मधले दिवस

डाव्या पुढच्या पायाचा खूर मधुकाकांनी नेहमीसारखा उचलून मांडीवर घेतला आणि त्यांच्या हाताला कळलं, हा पाय कापुरीचा नाही.

डोळ्यांना कळलं नव्हतं. डोळ्यांचं हल्ली काही खरं नव्हतं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून जग असं धुऊनपुसून समोर येत होतं, की ओळखीचं काहीच ओळखीचं वाटेना. ठाण्याला मुलाकडे पट्टी सुटली त्या दिवशी सुनेच्या ओट्यावरची निळी बरणी बघून ते दचकले होते. इतकी वर्षं तिला ते राखाडी समजत आलेले. भिंतीवरच्या फोटोतली बायकोची, सरोजची साडी हिरवी नव्हतीच, मोरपंखी होती. म्हणून आज सकाळी कोपर गावातल्या खंडोबाच्या देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरल्यावर घोडी फारच पांढरी दिसली, मान आखूड वाटली, आयाळ दाट वाटली, तेव्हा काका मनात हसून म्हणाले, बाईसाहेब, इतके दिवस तुम्हाला पिवळ्या काचेतून बघत होतो, राग मानू नका. घोडीनं त्यांचा खिसा हुंगला नाही. खिशात गूळ होता, आणि कापुरी तो हुंगल्याशिवाय पायाला हात लावू देत नसे. रुसली असेल, काकांना वाटलं. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली म्हणून आपण ठाण्याला अडकून पडलो. इतके दिवस तोंड दाखवलं नाही, रुसणारच. बायका रुसतात, घोड्या का नाही रुसणार? ते स्टुलावर बसले, घोडीकडे पाठ केली, पायावरून हात खाली नेला, चिमटीत हलकेच दाबलं, पाय वर आला. आणि अंगठा सवयीनं खुराच्या कडेवरून फिरला तो खिळ्याच्या भोकात अडकला. एक भोक. दुसरं. तिसरं. ओळच्या ओळ, ताजी, आत मेण भरलेली, वरून काळं पॉलिश मारलेलं. कापुरीच्या या खुराला एकच भोक उरलं होतं, अगदी कडेला, पुढच्या वेळी मेघना डॉक्टर आल्या की तेही कापलं जाणार होतं. काकांनी दुसऱ्या हातानं टाच चाचपली. टाच आवळलेली, घट्ट, दोन्ही बाजू मिटलेल्या ओठांसारख्या. कापुरीची टाच अशीच होती, पण ती आली तेव्हा. एखादा माणूस वर्षभर जिना चढून वर यावा आणि दार उघडल्यावर पुन्हा तळमजलाच दिसावा, तसं काकांना झालं. पाय मांडीवरच होता. तो खाली ठेवावा हेही त्यांना सुचेना.

कापुरी आली ती विठ्ठलवाडीच्या एका वरातवाल्याकडून. तिच्या आयुष्याची कितीतरी वर्षं बॅण्डच्या पुढे आणि फटाक्यांच्या धुरात गेली होती. काँक्रीटच्या रस्त्यांवर नाचून नाचून तिचे पाय आतून आखडले होते. देवस्थानाच्या मंडळाच्या अध्यक्षानं, स्वानंदनं, खंडोबाला पांढरी घोडी हवीच म्हणून तिला आणली, दारात उभी केली, हार घातला, फोटो काढले आणि तो विसरून गेला. कळव्याहून मेघना डॉक्टर तपासायला आल्या. जनावरांच्या डॉक्टर, वयानं काकांच्या मुलापेक्षा लहान, स्कूटरवरून उतरता उतरताच बोलायला सुरुवात. त्यांनी चारी नाल काढले आणि म्हणाल्या, "हिला आता रोडवर नाचायचंय का? नाही ना? मग लोखंड कशाला? मोकळं राहू दे. पाय उघडतील हळूहळू." काका तेव्हा देवळात कीर्तनाला येत, कीर्तन संपल्यावर सतरंज्यांच्या घड्या करत. घरी जाऊन करायचं काय, म्हणून शेडजवळ घुटमळले होते. मेघनानं इकडे तिकडे बघितलं, दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून खूर कोरायची आकडी त्यांच्याच हातात दिली. "खूर कापायला मी येणार महिन्या-सव्वा महिन्यातून. पण काका, त्यानं काही होत नसतं. जे होतं ना, चांगलं किंवा वाईट, ते दोन कापण्यांच्या मध्ये होतं. मधले दिवस तुमचे."

मधले दिवस तुमचे. काकांना ते वाक्य एखाद्या अनुग्रहासारखं लागलं. टेलिफोन खात्यातली नोकरी संपली होती, सरोज गेली होती, आणि सगळे दिवस मधलेच झाले होते. कशाच्या मधले, ते सांगता येत नव्हतं. ते शिकले. आकडी टाचेकडून पुढे ओढायची, कधीच उलटी नाही. खुराच्या तळाशी मधोमध रबरासारखा मऊ त्रिकोण असतो, त्याला पुतळी म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना खोबणी असतात, तिथे शेण बसतं, खडा बसतो आणि तिथूनच सडायला लागतं. मग नाक जवळ न्यायचं. निरोगी खुराला ओल्या लाकडाचा वास येतो, सडक्याला येणारा वास एकदा आला की विसरता येत नाही. कानशीनं कडा गोल करायची, आई पोराची नखं गोल करते तशी, म्हणजे तुकडा उडत नाही. शेडमध्ये खाडीकडची रेती पसरायची, ती कोरडी ठेवायची, आणि सकाळी दगडाळ वाटेनं फिरवून आणायचं, म्हणजे तळवे निबर होतात. शेवटी तळहात खुरावर ठेवून गप्प बसायचं. गार असला की बरं. ऊन लागला, तर आत काहीतरी शिजतंय. काका रोज असा हात ठेवून बसत आणि त्यांना कीर्तनातलं ते आख्यान आठवे, देव सारथी झाला आणि संध्याकाळी लढाई थांबल्यावर सगळे राजे जखमांना लेप लावून घेत असताना तो एकटा घोडे सोडून नदीवर गेला, त्यांच्या अंगातले बाण उपटले, त्यांना धुतलं, पितांबराच्या ओच्यातून चंदी खाऊ घातली. त्या आख्यानाला काका लहानपणापासून रडत आले होते. आता रडता रडता त्यांना प्रश्न पडू लागला, देवानं खूर कशानं कोरले असतील? आकडी असेल का? का नुसत्या बोटांनी? बुवा हे कधीच सांगत नाहीत. खूर वरून खाली वाढतो. केसांच्या कडेशी नवा निघतो आणि जुना खाली सरकत सरकत झिजून जातो. खिळ्यांची भोकं महिन्यामहिन्यानं खाली उतरताना काकांनी बघितली होती. पुरा खूर नवा व्हायला वर्ष लागतं. इतकं सावकाश, इतकं नक्की आपल्या हातून काही चांगलं होतंय, असं त्यांना फार वर्षांनी वाटलं होतं.

कारण ह्याआधी त्यांनी जे पाय सांभाळले, ते त्यांच्या हातून गेले. सरोजला साखर होती. रात्री जेवणं झाली की ती पाय लांब करून भिंतीला टेकायची आणि काका चष्मा लावून तिचे तळवे तपासायचे, बोटांच्या बेचक्या पुसायचे, भेग दिसली की मलम. "काय ज्योतिष बघताय का पायात?" ती विचारायची. "हो, परदेशगमन आहे." "मला कुठलं परदेश? कोपर ब्रिज ओलांडून पूर्वेला गेले तरी खूप." मग मुलाची नोकरी गेली तेव्हा तिनं नवस बोलला, नवरात्र अनवाणी. काकांनी सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं, मुलानंही सांगितलं. ती हसून ऐकून घ्यायची आणि चपला दारातच ठेवून देवीला जायची. तिला पायाला काही लागलेलं कळत नसे, हाच तर तिचा आजार होता. तिला वाटे देवीच टोचू देत नाही. मुलाला नोकरी लागली. सरोजचं आधी बोट काढलं, मग पाऊल. तिच्या शेवटच्या दिवसांत खोलीत तो वास होता. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, किती श्रद्धा हो, असं मरण भाग्यानं येतं. ह्या बोलण्यावर काका चहा ठेवायला आत जात. चपलांचा तो जोड अजून दारात आहे. टाकायला हात होत नाही आणि बघवतही नाही.

तरीसुद्धा अनवाणी हाच शब्द त्यांच्या तोंडून गेला. कापुरीचे नाल निघाल्यावर भगवानबुवा कीर्तनाला आले होते. बुवांचा आवाज असा, की पहिल्या आलापातच माणूस आपलं घरदार ओट्यावर ठेवून मोकळा होतो. काकांचा जीव होता त्यांच्यावर. बुवा घोड्याला मात्र भीत. शेडच्या दारातूनच उपरणं सावरत त्यांनी विचारलं, "मधुकाका, हिचे नाल काय झाले?" आणि काका म्हणाले, "काढले. अनवाणीच ठेवायची आता." नाल काढलेली घोडी, एवढंच म्हणायचं होतं. मेघनानं इंग्रजीत सांगितलेला 'बेअरफूट' हा शब्द त्यांनी मराठीत केला, मराठीत तो सुंदर निघाला. बुवांचे डोळे लकाकले. त्याच कीर्तनात त्यांनी ते घेतलं, "अहो, माणूस देवासाठी अनवाणी चालतो. पण इथं, आपल्या कोपरला, देवाची घोडी माणसांसाठी अनवाणी उभी आहे!" टाळ वाजले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. काकाही रडले, खोटं कशाला. पुढच्या रविवारी कीर्तनाला येणाऱ्या मंदाकिनीबाई दुधाचं भांडं घेऊन आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी पितळी परात आली, पंचामृत आलं, भंडारा आला, रांग लागली. एकेका खुरावर दूध, दही, मध, साखर, तूप, वरून हळद. स्वानंदनं कठडा करून घेतला आणि 'श्रीअश्व पाद्यपूजा' असा फलक लावला. काढलेल्या चार नालांपैकी एक त्याच्या ऑफिसच्या चौकटीवर होता, बाकीचे तीन कुणी नेले ते खंडोबालाच ठाऊक.

काका भांडले नाहीत. भांडणार कुणाशी? येणाऱ्या बायका सरोजच्याच वयाच्या होत्या. रांग संपली की ते पाणी तापवत, चारी खूर धुवत, पुतळीच्या खोबणीतली साखर आकडीनं काढत, जुन्या सुती साडीनं कोरडे करत, रेतीवर उभी करत. लोकांची भक्ती सकाळी आणि तिचं निस्तरणं संध्याकाळी. असे रविवार गेले, खूर वाढत राहिला, भोकं खाली उतरत राहिली. मग चंपाषष्ठीचं नवरात्र आलं तेव्हा रोज पूजा ठरली, आणि त्याच सुमारास काकांच्या डोळ्याची तारीख आली. त्यांनी तारीख पुढे ढकलायला बघितलं, मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, घोडीसाठी? लोकांना काय सांगू मी?" ठाण्याला घोडबंदरच्या विसाव्या मजल्यावर डोळ्याला पट्टी बांधून ते आडवे पडले आणि तबेल्याचं बघणाऱ्या तानाजीला फोन करत राहिले. धुतले का? धुतले, काका. कोरडे केले का? केले, काका. फोनमध्ये ढोल वाजत असायचे.

"तानाजी," काकांनी आता हाक मारली. पाय अजून त्यांच्या मांडीवर होता.

तानाजी गवताची पेंडी घेऊन आला आणि त्यांच्याकडे न बघता ती सोडू लागला. कोपर गावचाच, खाडीवर वाढलेला, एरवी तोंडाचा फटकळ माणूस.

"ही कोण?"

"कोण मंजी? कापुरी."

"तानाजी."

"मना काय इचारता काका? स्वानंदशेटला इचारा. मी चारा घालनारा मानूस."

"तिचा पाय कसा होता?"

तानाजीनं पेंडी खाली टाकली. "टेकत नव्हती," तो म्हणाला. "हाच पाय. तीन पायांवर उभी रावाची. टेम्पोत चढवली तवा चार जनांनी ढकलली. मान वलवून वलवून शेडकडं बघत व्हती. मी बोललो शेटला, काकांना येऊ द्या. शेट बोलला, काका येतील तवर लोकांनी काय लंगडी घोडी पुजायची?" आणि मग जरा थांबून, "तुमाला फोनवर काय सांगू? तुमचा डोला."

स्वानंद मंडपात माईकवाल्याशी बोलत होता. काकांना शेडच्या दारात बघून लगबगीनं आला, वाकून पायांना हात लावला. त्याच्या संस्कारांत खोट काढायला जागा नव्हती. "काका! काय चष्मा लावलाय, हिरो एकदम! वाकायला परवानगी दिली का डॉक्टरांनी? जपा हां."

"कापुरी कुठंय?"

स्वानंदनं मागे रांगेकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "काका, टेन्शन घेऊ नका. सोडली तिला. ज्याच्याकडून आणलेली त्याच्याकडेच. त्यानं बदलून दिली, तोही खंडोबाचाच भक्त. नाव तेच ठेवलंय, लोकांना कशाला घोळ."

"सोडली," काका म्हणाले. देवाच्या नावानं वळू सोडतात, त्यालाही सोडला म्हणतात. मुलाला शाळेत सोडतात. "सिलिंडर बदलल्यासारखी?"

"आता तुम्ही असं बोलल्यावर मी काय बोलणार? षष्ठीच्या दिवशी ती बसली, काका. लोक परात घेऊन उभे आणि देवाची घोडी खाली बसलेली. किती वाईट दिसतं ते! ही बघा, ट्रेन केलेली आहे, पाय सांगितला की उचलते. आणि नाल काढूनच आणलीय काल. अनवाणी. तुमच्या आवडीची."

त्याला खरंच वाटत होतं की हे ऐकून काकांना बरं वाटेल. तेच काकांच्या जिवाला जास्त लागलं. लुच्चा असता तर त्याच्यावर थुंकता आलं असतं.

त्यांनी मेघनाला फोन लावला. तिकडे कुठलीतरी म्हैस ओरडत होती. "काका, मी तुम्हाला मुद्दाम नाही केला फोन," ती म्हणाली. "मला बोलावलं ते शेवटी शेवटी. खुरात पू झालेला, साखर आत जाऊन पार सडलेलं. मी ओपन केलं, पू काढला, रोज ड्रेसिंग करा बोलले, कोरडं ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध ओतलेलं. मग कळलं पाठवली. मी विठ्ठलवाडीला गेलेले काका, स्वतः गेलेले. तिकडे नाहीये. तो बोलतो, पुढे दिली."

"पुढे म्हणजे कुठे?"

म्हैस पुन्हा ओरडली. "काका, लंगड्या घोडीला पुढे काय असतं?" मेघनाचा आवाज चिडका झाला, आणि काकांना कळलं की ती रडू आवरतेय. "चांगला येत होता हो पाय. एकच भोक राहिलेलं."

काका परत येऊन स्टुलावर बसले. बाहेर मंडपात पेटीचा सूर लागला, भगवानबुवांनी गळा साफ केला, आणि रविवारचं ऊन पत्र्याच्या भोकांतून खाली आलं. नव्या डोळ्याला त्या उन्हात एकेक धूलिकण वेगळा दिसत होता. इतकं स्वच्छ कशासाठी दाखवतोस बाबा, ते खंडोबाला म्हणाले. दाखवायचं होतं ते तर आधीच उचलून नेलंस. घोडीनं कान हलवले. ही कोण, कुणाच्या हाताची, हिला गूळ देणारा खिसा कुठे राहिला? काल नाल उपटले, आज हिला उभं केलं. भोकांतलं मेण दुधानं मऊ होणार, साखर आत उतरणार, चिरेतून वर चढणार. कापुरीचं चंपाषष्ठीला झालं, तेच हिचं महाशिवरात्रीपर्यंत होईल. मग अजून एक कापुरी येईल. नाव तेच राहील. पांढऱ्या घोड्या काही कमी नाहीत, कल्याणपासून बदलापूरपर्यंत लग्नं भरपूर. कापुरीसाठी आता त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. पण हा परका पाय हातात होता, गार होता, अजून सडला नव्हता. मधले दिवस इथून सुरू होत होते. आज. ह्या परातीपासून.

कठड्यापाशी घोडीला नेलं तेव्हा काका बरोबर गेले, स्टूल घेऊन. रांगेत पहिल्या मंदाकिनीबाई. सरोजची जिवाभावाची मैत्रीण, भिशीची, भजनाची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, हाताला धरून सुनेनं आणलेलं. आवाजावरून त्यांनी काकांना ओळखलं. "आलात का भावजी! तुमची उणीव भासली हो. नवरात्रात तर काय सांगू तुम्हाला, कापुरीच्या पायांना हात लावला की चटका बसायचा. इतके ऊन! बुवा म्हणाले, जागृत झाली. मी घरी जाऊन तो हात तसाच ठेवला, धुतला नाही."

तो ताप. तो पुवाचा ताप ह्या बाईनं कपाळाला लावून घेतला होता. सरोजच्या पायाशीही हीच बाई बसली होती आणि म्हणाली होती, बघा कसं तेज आलंय.

त्यांनी घोडीचा पाय उचलला आणि मांडीवर घेतला, तळवा वर करून. समोरची परात रिकामी राहिली.

"काका, पाय खाली ठेवा," स्वानंद हसत म्हणाला. "लोक थांबलेत."

"ही कापुरी नाही," काका म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, पेटीच्या सुरावर ऐकू जाईल असं. "कापुरीच्या पायात दूध गेलं, पाय सडला. तिला टेम्पोत घालून नेली. ही दुसरी आहे. हिच्या पायात खिळ्यांची भोकं आहेत, बघा, हात लावून बघा. हिला दूध घालू नका. नमस्कार करा, लांबून करा. दूध घालू नका."

पेटी थांबली. काकांनी एकेका तोंडाकडे बघितलं; नव्या डोळ्याला प्रत्येकाची सुरकुती दिसत होती, आणि कुणाच्याही तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं होतं. सगळ्यांच्या तोंडावर माया होती.

"काका," स्वानंद हळुवारपणे म्हणाला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "डोळा नवीन आहे तुमचा. बसायला वेळ लागतो."

"खरंच हो," मागून कुणी म्हणालं, "आमच्या ह्यांना तर ऑपरेशननंतर मीच दुसरी बाई वाटत होते."

हशा पिकला. मोकळा, घरगुती हशा. काका तानाजीकडे वळले. "तानाजी, सांग."

तानाजीनं खाली रेतीकडे बघितलं. "मी काय सांगू," तो पुटपुटला, "पांढरी हाय, तेवडं मना दिसतंय."

तेवढ्यात मंडपातून बुवांचा आवाज आला. बुवांचं मन मोठं. प्रसंग सांभाळायचा म्हणून त्यांनी माईक जवळ ओढला. "अहो, हे वेड आहे! सेवेकऱ्याचं वेड! मधुकाकांना आपली घोडी परकी वाटली, कारण विरहानं डोळे धुतले गेले. देवसुद्धा असाच घोडे धूत होता..." आणि त्यांनी तेच आख्यान धरलं, तोच नदीकाठ, तेच उपटलेले बाण, तोच चंदीनं भरलेला पितांबर. स्वर इतका गोड लागला होता, की काकांच्या देहानं त्यांना विचारलंच नाही. डोळ्याला पाणी आलं. लहानपणापासून ज्या ठिकाणी यायचं त्याच ठिकाणी आलं. त्यांना स्वतःची चीड आली, बुवांची आली, त्या स्वराची आली, पण पाणी थांबेना. पाणी नव्या डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्यांनी पाय सोडला नाही. घोडीचा भार मांडीवर येत होता, रांग थांबली होती. स्वानंदनं जीभ टाळ्याला लावून बारीक आवाज काढला. वरातीत काढतात तसा, टक् टक्.

घोडीनं पाय काढून घेतला. काकांच्या पकडीतून सहज, न हिसकता, शिकवल्यासारखा अलगद. तो हवेत धरला, जरा नाचवला, आणि आपण होऊन नेमका परातीच्या मधोमध ठेवला.

मंडप उसळला. येळकोट, येळकोट! भंडारा उडाला आणि पिवळं धुकं झालं. बायका एकमेकींना सांगत होत्या, बघा, ऐकलं तिनं, स्वतः पाय दिला. स्वानंदनं डोळे मिटून हात जोडले; त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. काका स्टुलावरून घसरून रेतीत बसले होते. त्यांचा एक हात अजून परातीत होता, खुराच्या पुढ्यात आडवा, जणू तेवढ्यानं दूध अडणार होतं.

मंदाकिनीबाईंनी भांडं कलतं केलं. दूध काकांच्या बोटांवर पडलं, बोटांमधून खाली गेलं, खुराच्या कडेला लागलं, मेण भरलेल्या भोकांवरून ओघळत तळाशी साचलं. मग मध आला, मग साखर. सुनेनं मंदाकिनीबाईंना धरून खाली बसवलं. बाईंनी चाचपत हात पुढे केला, काकांच्या ओल्या, हळद लागलेल्या मुठीवर ठेवला आणि कपाळ टेकलं. काकांना त्यांच्या कपाळावरच्या मोठ्या कुंकवाचा गारवा जाणवला, आणि पिकलेल्या केसांमधला खोबरेलाचा वास. सरोज हेच तेल वापरायची. त्यांनी हात काढून घेतला असता तर बाईंचं डोकं परातीच्या काठावर आपटलं असतं. त्यांनी हात काढला नाही.

बाईंनी डोकं वर केलं. दोन्ही पांढुरक्या बुबुळांत समाधान होतं.

"उतरलं गं ऊन," त्या सुनेला म्हणाल्या. "आज किती गार लागले पाय. निवली बघ."